हार्मोनिकावादक डीफोर्ड बेली

आमच्या शाळेंतील पुष्कळ मुलांच्या खिशांत रुमाल व पेन्सिल यांच्या शेजारीं एक चपटा, चकचकीत बाजा सांपडतो. कोणी त्यास माउथऑर्गन म्हणतात, कोणी हार्मोनिका म्हणतात. मधल्या सुटींत पटांगणाच्या कोपऱ्यांतून त्याचे सूर ऐकूं येतात आणि घंटा झाली कीं तो पुन्हां खिशांत गडप होतो. जत्रेंतल्या खेळण्यांत त्याची गणना होत असल्यामुळें वडील मंडळी त्याकडे फारसें लक्ष देत नाहींत. तथापि पालकांपैकीं कित्येकांस १९६४ सालचा ‘दोस्ती’ हा हिंदी बोलपट स्मरत असेल. त्यांतील कुबड्या घेऊन चालणारा मुलगा हाच बाजा वाजवितो. ती कथा कल्पित होती. ज्यांची हकीकत अक्षरशः खरी आहे, ज्यांनीं आजारपणाच्या अंथरुणावर हा बाजा हातीं घेतला व पुढें त्याच्या बळावर हजारों घरांतील माणसांस रेडिओपाशीं खिळवून ठेविलें, त्या डीफोर्ड बेली यांचें चरित्र यंदा आमच्या वाचकांपुढें ठेवावें असें आम्हीं योजिलें आहे.

प्रथम बाज्याविषयीं थोडें सांगितलें पाहिजे. आपण प्रार्थनेच्या वेळीं पेटी वाजवितों तेव्हां भात्याच्या वाऱ्यानें आंतील पितळी सूर कांपूं लागतात व नाद निघतो. माउथऑर्गनमध्यें तत्त्व तेंच आहे. भात्याचें काम मात्र वाजविणाऱ्याची छाती करिते. साध्या बाज्यास दहा छिद्रें असतात व आंत वीस सूर बसविलेले असतात. प्रत्येक छिद्राच्या दोन सुरांपैकीं एक फुंकर घातल्यानें बोलतो व दुसरा श्वास आंत ओढल्यानें बोलतो. शिवाय जिभेचा व गळ्याचा आकार बदलून वाजणारा सूर खालीं ओढतां येतो. पेटीवर मींड निघत नाहीं म्हणून आपले गवई तिला नांवें ठेवितात. ह्या खिशांतल्या बाज्यांतून ती निघते, हें पुष्कळांस ठाऊक नसतें. जर्मनींतील ट्रॉसिंगेन गांवच्या मॅथियास होनर नांवाच्या घड्याळजीनें १८५७ सालीं असे बाजे करण्याचा उद्योग सुरू केला. त्याच्या कारखान्याचा माल जहाजें भरभरून अमेरिकेस जाऊं लागला आणि ज्या गरीब मनुष्यास दुसरें कोणतेंही वाद्य विकत घेणें शक्य नव्हतें त्याच्या हातीं हें एक वाद्य आलें. टेनेसी राज्यांतील खेड्यांत त्यास फ्रेंच हार्प म्हणत, जरी त्याचा फ्रान्सशीं कांहीं संबंध नव्हता.

त्याच टेनेसी राज्यांतील स्मिथ परगण्यांत १४ डिसेंबर १८९९ रोजीं डीफोर्डचा जन्म झाला. घराणें कृष्णवर्णी लोकांचें होतें. अमेरिकेंतील गुलामगिरी १८६५ सालीं कायद्यानें बंद झाली होती. म्हणजे गुलामगिरी भोगलेलीं माणसें त्याच्या घरांत अद्याप होतीं. आजोबा फिडल, म्हणजे आपण ज्यास व्हायोलिन म्हणतों तें, वाजविण्यांत पंचक्रोशींत नांवाजलेले होते. मुलाचें नांव त्याच्या आत्येनें ठेविलें. तिला लहानपणीं शिकविणाऱ्या दोघां शिक्षकांचीं आडनांवें डीबेरी व फोर्ड अशीं होतीं. त्या दोहोंचा जोड करून तिनें डीफोर्ड हें नांव केलें. शिक्षकाच्या पेशांत असलेल्या आम्हांस ही गोष्ट वाचून किती बरें वाटलें हें सांगावयास नको. मूल एक वर्षाचें होतें न होतें तोंच आई वारली, आणि त्याच आत्येनें व तिच्या यजमानांनीं त्यास पोटच्या पोराप्रमाणें वाढविलें.

तिसऱ्या वर्षीं त्यास पोलिओ झाला. त्या काळीं ह्या रोगावर लस नव्हती. ती निघावयास पुढें पन्नास वर्षें लागलीं. ह्या रोगानें दगावणारीं मुलें पुष्कळ होतीं. डीफोर्ड वांचला, परंतु सुमारें एक वर्षपर्यंत तो अंथरुणास खिळून होता. डोकें व हात एवढेच काय ते हालत. घरच्यांनीं त्याच्या हातांत एक माउथऑर्गन दिला आणि शेजारीं एक लहानसें मँडोलिन ठेविलें. तीन वर्षांच्या मुलास धांवतां येत नाहीं, अंगणांत जातां येत नाहीं, मग तो करणार काय? तो ऐकूं लागला. अंगणांत कोंबडी अंडें घालून आरडाओरड करी, रात्रीं रानांत शिकारी कुत्रे कोल्ह्याच्या मागें लागत, दूरवरून आगगाडीची शिटी येई. तो जें ऐके तें बाज्यावर काढून पाही. ज्यास जग पाहावयास जातां येत नव्हतें त्यानें तें कानांनीं घरांत आणिलें. आम्ही वर्गांत बोलूं लागलों म्हणजे समोरच्या चाळीस मुलांपैकीं खरोखर ऐकणारीं किती असतात हें आम्ही जाणतों. म्हणून ह्या एका वर्षाकडे आम्हांस पुनः पुनः वळून पाहावेंसें वाटतें.

रोग गेला, पण खूण ठेवून गेला. पाठ किंचित् वांकडी राहिली व वाढ खुंटली. पूर्ण वयांत आल्यावरही बेली यांची उंची पांच फुटांहून कमी होती आणि वजन शंभर पौंडांच्या आंतच राहिलें. खेड्यांत शेतीचीं जड कामें करणाऱ्या माणसालाच किंमत असते. अशा ठिकाणीं हा मुलगा कोणत्या कामाचा, असा विचार घरच्यांच्या मनांत आला असल्यास नवल नाहीं. पण त्या घरांत जवळजवळ प्रत्येकास कांहींना कांहीं वाजवितां येत असे आणि संध्याकाळीं सगळीं मिळून वाजवीत. तेथें तो कोणापेक्षांही उणा नव्हता. बँजो व गिटारही तो तेथेंच शिकला.

पुढें कुटुंब नॅशव्हिल शहराच्या आसपास राहावयास आलें. शाळेच्या वाटेवर आगगाडीचा एक उंच पूल होता. गाडी यावयाच्या वेळीं डीफोर्ड त्या पुलाखालीं जाऊन उभा राही व डोक्यावरून गाडी जाईपर्यंत कान देऊन ऐके. रूळ आधीं कसे गुणगुणूं लागतात, एंजिन चढावर कसें धापा टाकितें, पुलावर आल्याबरोबर चाकांचा नाद कसा पोकळ होतो, आणि शेवटीं दूर जातांना शिटीचा सूर कसा उतरतो, हें सर्व त्यानें तेथें मनांत सांठविलें. मग उरलेली वाट चालतांना तें तो वाजवून पाही. जेवढें चुकलें असें वाटे तेवढें दुसऱ्या दिवशीं पुन्हां ऐकावयाचें. हा अभ्यास कित्येक दिवस चालला होता. शाळेच्या वर्गांत त्यानें काय मिळविलें ह्याची नोंद नाहीं. पुलाखालचा वर्ग मात्र त्यानें चुकविला नाहीं.

पहिलें महायुद्ध संपण्याच्या सुमारास बेली नॅशव्हिल शहरांत आले. श्रीमंतांच्या घरीं घरगडी, उपाहारगृहांत हरकाम्या, मोठ्या इमारतींत लिफ्ट चालविणारा, अशीं कामें त्यांनीं केलीं. एका घरच्या मालकिणीस ह्या ठेंगण्या नोकराची कला कळली तेव्हां पाहुणे आले म्हणजे त्यांस दिवाणखान्याच्या कोपऱ्यांत उभें करून वाजवावयास सांगण्याची तिनें वहिवाट पाडली. कामांतून वेळ मिळाला कीं ते सायकलवरून गांवांत फिरत आणि खिशांतला बाजा बाहेर निघे.

इतक्यांत रेडिओचें युग आलें. १९२५ सालीं नॅशव्हिलमध्यें मोटारींचें सामान विकणाऱ्या एका दुकानदारानें एक लहानसें नभोवाणी केंद्र काढिलें. बेली तेथें सायकलीचे सुटे भाग घेण्यास जात असत, त्या ओळखीनें ते तेथें वाजवूं लागले. त्याच वर्षाच्या ऑक्टोबरांत नॅशनल लाइफ नांवाच्या विमा कंपनीनें डब्ल्यू. एस. एम. हें मोठें केंद्र सुरू केलें. तेथें शनिवारीं रात्रीं खेड्यांतील जुन्या वाद्यसंगीताचा कार्यक्रम होई व त्याचे चालक जॉर्ज हेय हे होते. ह्या कार्यक्रमांत डॉक्टर हम्फ्री बेट नांवाचे एक गोरे गृहस्थ वाजवीत. धंद्यानें ते वैद्य होते व स्वतः चांगले हार्मोनिकावादक होते. त्यांनीं बेली यांस आग्रह करून आपल्याबरोबर नेलें. परीक्षा घेतल्यावांचून नव्या माणसास वाजवूं देण्यास हेय नाखूष होते. तेव्हां डॉक्टरांनीं आपली स्वतःची अब्रू ह्या तरुणासाठीं पणास लाविली. बेली यांचें वादन ऐकतांच हेय यांस इतका हर्ष झाला कीं, कार्यक्रमांत फुंकण्यासाठीं ते जवळ बाळगीत ती लांकडी शिटी त्यांनीं वर उडविली असें सांगतात. स्वतः ज्या वाद्यांत नांव मिळविलें त्याच वाद्याच्या दुसऱ्या वादकास, तेंही परक्या वर्णाच्या वादकास, हात धरून पुढें आणणारे डॉक्टर बेट ह्यांची ह्या चरित्रांतील जागा लहान असली तरी आमच्या मतें ती फार मानाची आहे.

१९२७ सालच्या डिसेंबरांत एका शनिवारीं जें घडलें तें अमेरिकेच्या संगीताच्या इतिहासांत नेहमीं सांगितलें जातें. हेय यांच्या कार्यक्रमापूर्वीं न्यूयॉर्कहून वॉल्टर डॅमरॉश ह्या प्रसिद्ध वाद्यवृंदचालकांचा अभिजात संगीताचा कार्यक्रम लागत असे. त्या दिवशीं डॅमरॉश यांनीं असें मत मांडिलें कीं, श्रेष्ठ संगीतांत प्रत्यक्ष वस्तूंच्या नकलेस स्थान नसतें. तरीही अपवाद म्हणून एका तरुण रचनाकाराची आगगाडीचें चित्र रेखाटणारी रचना त्यांनीं आपल्या मोठ्या वाद्यवृंदाकडून वाजवून घेतली. तो कार्यक्रम संपला व नॅशव्हिलचा सुरू झाला. हेय यांनीं श्रोत्यांस सांगितलें कीं, आतां आमच्याकडे केवळ प्रत्यक्षच मिळेल. आणि बेली यांस पुढें बोलाविलें. दहा छिद्रांच्या त्या एका बाज्यावर बेली यांनीं ‘पॅन अमेरिकन ब्लूज’ ही आपली रचना वाजविली. पॅन अमेरिकन ही सिनसिनाटीहून नॅशव्हिलमार्गें न्यू ऑर्लीन्सपर्यंत धांवणारी जलद गाडी होती. वादन संपल्यावर हेय यांस एक कोटी सुचली: तासभर ग्रँड ऑपेरा ऐकिला, आतां ग्रँड ओल ऑप्री ऐका, अशा अर्थाची. ऑपेरा ह्या शब्दाचा तो खेडवळ उच्चार होता. कोटी लोकांस आवडली, व तेंच नांव कार्यक्रमास कायमचें चिकटलें. ग्रँड ओल ऑप्री हा कार्यक्रम आजतागायत चालू आहे आणि अमेरिकेंतील ग्रामीण संगीताचें तें मुख्य पीठ समजलें जातें. त्याच्या बारशाच्या वेळीं जें वाद्य वाजलें तें बेली यांचें होतें, एवढें वाचकांनीं लक्षांत ठेवावें. पुढील भागाचा अर्थ त्यावांचून लागणार नाहीं.

‘पॅन अमेरिकन ब्लूज’ केवळ नक्कल होती असें कोणी समजूं नये. जलद श्वासोच्छ्वासानें ते चाकांचा ठेका धरीत, दोन तीन छिद्रें एकदम ओढून व सूर खालीं मुरडून शिटी काढीत, आणि बाज्याभोंवतीं धरलेली तळहातांची ओंजळ उघडमीट करून गाडी दूर आहे कीं जवळ आहे ह्याचा भास उत्पन्न करीत. ठेका न मोडतां शिटी मध्यें आणावयाची म्हणजे श्वास घ्यावयास सवड कोठें, हें ज्यानें हा बाजा वाजविला आहे त्यानेंच विचारावें. ‘फॉक्स चेस’ ह्या वादनांत कोल्हा, कुत्रे व त्यांस हांका मारणारा शिकारी हे सर्व एका तोंडानें उभे राहात. रोगशय्येवरच्या वर्षांत जें ऐकिलें होतें तेंच हें, वीस पंचवीस वर्षांनीं परत आलेलें.

बेली यांची कीर्ति झपाट्यानें पसरली. १९२७ सालीं न्यूयॉर्क येथें ब्रन्स्विक कंपनीनें त्यांच्या वादनाच्या तबकड्या काढिल्या. १९२८ च्या ऑक्टोबरांत व्हिक्टर कंपनी आपलीं यंत्रें घेऊन नॅशव्हिलला आली. त्या शहरांत झालेल्या पहिल्या ध्वनिमुद्रणांत बेली यांचें वादन आहे. आज जगांतील मोठ्या संगीतनगरींत ज्या गांवाची गणना होते त्या गांवच्या व्यवसायाचा पहिल्या दिवसांतला हा कामगार. त्याच १९२८ सालीं ऑप्रीच्या बावन्न आठवड्यांपैकीं एकूणपन्नास आठवड्यांत ते वाजवावयास उभे होते. इतकी हजेरी दुसऱ्या कोणाही कलावंताची नव्हती. ध्वनिक्षेपकापर्यंत तोंड पोंचावें म्हणून त्यांच्या पायांखालीं खोकें ठेवावें लागे. अंगांत कोट, गळ्यांत टाय, डोक्यास हॅट व पायांत लखलखीत बूट असा त्यांचा पोषाख असे. १९३२ सालीं केंद्राची शक्ति पन्नास हजार वॅट झाली व रात्रीं त्याचा आवाज कित्येक राज्यांत जाऊं लागला. पुढच्या वर्षापासून केंद्राच्या उंच मनोऱ्याजवळून जाणाऱ्या खऱ्या पॅन अमेरिकन गाडीची शिटीही रोज संध्याकाळीं प्रक्षेपित होऊं लागली. त्यामुळें घरोघर बसलेल्या श्रोत्यांस खरी गाडी व बेली यांची गाडी ताडून पाहण्याची सोयच झाली.

रेडिओवर माणसाचा वर्ण दिसत नाहीं. गांवोगांव प्रत्यक्ष कार्यक्रमास गेल्यावर मात्र तो दिसतो. टेनेसी राज्यानें १८८१ सालींच आगगाडींत कृष्णवर्णी प्रवाशांस वेगळें बसविण्याचा कायदा केला होता. म्हणजे ज्या गाडीचा नाद ह्या मनुष्यानें घरोघर नेला, तींत गोऱ्यांशेजारीं बसण्याची त्यास मोकळीक नव्हती. ऑप्रीची मंडळी मोटारींतून दौऱ्यावर निघे, रात्रीं एखाद्या गांवीं मुक्काम होई, आणि हॉटेलवाले बेली यांस खोली देत नसत. कोणा कृष्णवर्णी कुटुंबाचा पत्ता शोधून तेथें रात्र काढावयाची, किंवा मोटारींतच निजावयाचें. बँजोवादक अंकल डेव्ह मेकन हे म्हातारे गृहस्थ होते. ते बेली हा आपला खाजगी नोकर आहे असें हॉटेलांत बजावून सांगत व त्या सबबीवर त्यांस आपल्याच खोलींत झोपवीत. हेतु चांगला होता ह्याविषयीं आम्हांस शंका नाहीं. पण निजावयास जागा मिळावी म्हणून ज्यानें आपल्या सोबत्याचा नोकर म्हणवून घ्यावयाचें तो त्या रात्रींच्या कार्यक्रमांतला सर्वांत लोकप्रिय वादक होता, ही गोष्ट मनांतून जात नाहीं. फिरतीवर त्यांस ठराविक पांच डॉलर मिळत. प्रेक्षक शंभर असोत कीं हजार असोत, त्यांत वाढ होत नसे. रॉय एकफ व बिल मन्रो हे पुढें फार प्रसिद्ध झालेले गायक १९३८-३९ च्या सुमारास ऑप्रींत नव्यानें आले. त्यांच्या सुरुवातीच्या दौऱ्यांत गर्दी जमे ती बेली यांच्या नांवावर, हें एकफ यांनींच पुढें मान्य केलें.

आतां १९४१ सालाकडे वळतों. अमेरिकेंत संगीतरचनांच्या हक्कांचें शुल्क वसूल करणारी ऍस्कॅप नांवाची संस्था आहे. तिनें रेडिओ केंद्रांकडे बरीच अधिक रक्कम मागितली. केंद्रांनीं ती देण्याचें नाकारिलें, स्वतःची बी. एम. आय. नांवाची निराळी संस्था उभारली, आणि १ जानेवारी १९४१ पासून ऍस्कॅपच्या यादींतील संगीत वाजविणें बंद केलें. बेली यांच्या गाजलेल्या रचना त्या यादींत होत्या. ज्या वादनासाठीं लोक शनिवारची वाट पाहात तेंच वाजवावयाचें नाहीं, नवीन रचावें, असें त्यांस सांगण्यांत आलें. कंपन्यांच्या भांडणांत त्यांचा कांहीं हात नव्हता, आणि चाळीस वर्षें कानांत मुरलेलें संगीत टाकून आठवड्यास एक नवीन चीज काढणें हें दुकानांतून आणावयाचें सामान नव्हे. मे महिन्यांत त्यांस कामावरून कमी करण्यांत आलें. भांडण त्याच वर्षाच्या ऑक्टोबरांत मिटलें व जुन्या रचना रेडिओवर पुन्हां वाजूं लागल्या. बेली यांस मात्र कोणी परत बोलाविलें नाहीं.

चार वर्षांनीं, १९४५ सालीं, हेय यांनीं ऑप्रीचा इतिहास लिहिला. त्यांत त्यांनीं बेली यांचा उल्लेख शुभचिन्ह म्हणून पाळलेल्या प्राण्याचा करावा तसा केला, आणि ते आळशी होते, नवीन शिकत नसत, असा ठपका ठेविला. आम्ही रोज हजेरीपट भरणारे लोक आहों. बावन्नपैकीं एकूणपन्नास दिवस हजर राहणाऱ्यास आळशी हा शेरा आम्हांस तरी लिहितां आला नसता. हेय यांनींच बेली यांस संधि दिली होती व त्यांच्या गुणांची वाखाणणीही मोकळेपणानें केली होती, हें खरें. परंतु पुस्तकांत छापलेला तो शेरा पुढें कित्येक वर्षें लोक खरा मानून चालले, आणि ज्याच्यावर तो मारिला होता त्यास उत्तर छापण्याची सोय नव्हती.

बेली यांनीं काय केलें? नोकरीच्या काळींच त्यांनीं बुटांस पॉलिश करण्याचें लहानसें दुकान थाटलें होतें. आतां तोच पूर्ण वेळचा धंदा झाला. नॅशव्हिलच्या एजहिल भागांत, ज्या वस्तींत त्यांचे स्वतःचे लोक राहात, तेथें हें दुकान सुमारें तीस वर्षें चाललें. घरांतल्या खोल्या भाड्यानें देऊन व खाद्यपदार्थ विकूनही त्यांनीं संसार चालविला. १९२९ सालीं विवाह झाला होता. तीन मुलें झालीं, तीं त्यांनीं वाढविलीं. बाजा खिशांत असेच. गिऱ्हाइकास, शेजाऱ्यास, मुलांस ते वाजवून दाखवीत. मधून मधून मोठ्या संगीतसभांचीं आमंत्रणें येत, एका चित्रपटाचेंही आलें. बहुतेक त्यांनीं परत पाठविलीं. मोबदला योग्य वाटला नाहीं कीं ते नाहीं म्हणत, व पुन्हां त्यावर चर्चा करीत नसत. कित्येकांनीं ह्यास हट्ट म्हटलें आहे. ज्यानें पंधरा वर्षें पांच डॉलरांवर सभा भरवून दिल्या त्यास आपल्या वादनाची किंमत स्वतः ठरवावीशी वाटली, तर त्यास आम्ही हट्ट म्हणणार नाहीं. बुटांस पॉलिश करण्यांत त्यांस कमीपणा वाटत नव्हता. तो धंदा त्यांचा स्वतःचा होता आणि त्यांतून त्यांस कोणी काढूं शकत नव्हतें.

१९७३ सालीं शहराच्या गृहनिर्माण खात्यांत काम करणारे डेव्हिड मॉर्टन नांवाचे एक तरुण गोरे गृहस्थ त्यांच्या परिचयाचे झाले. बेली त्या वेळीं वृद्धांसाठीं बांधलेल्या एका उंच इमारतींत राहात होते. मॉर्टन त्यांच्याकडे जाऊन बसत, त्यांचें बोलणें टिपून घेत, वादन ध्वनिमुद्रित करीत. १९२८ नंतर तबकडीसाठीं त्यांचें वादन पुन्हां ध्वनिमुद्रित झालें नव्हतें. सेहेचाळीस वर्षांनीं त्यांचा श्वास पुन्हां यंत्रापुढें आला, तो ह्या मित्रामुळें. हें ध्वनिमुद्रण १९९८ सालीं प्रसिद्ध झालें, आणि चार्ल्स वुल्फ ह्या संशोधकांबरोबर मॉर्टन यांनीं लिहिलेलें बेली यांचें सविस्तर चरित्र त्यापूर्वींच १९९१ सालीं निघालें. पूर्वीं डॉक्टर बेट यांनीं जें केलें तेंच निराळ्या रीतीनें मॉर्टन यांनीं केलें.

त्यांच्याच मध्यस्थीनें १९७४ च्या फेब्रुवारींत बेली तेहेतीस वर्षांनीं ऑप्रीच्या रंगमंचावर उभे राहिले. त्याच वर्षीं १४ डिसेंबर रोजीं त्यांचा पंचाहत्तरावा वाढदिवस तेथेंच वादनानें साजरा झाला. अखेरचें वादन १९८२ च्या एप्रिलांत झालें आणि २ जुलै १९८२ रोजीं ते नॅशव्हिल येथें वारले. ग्रीनवुड स्मशानभूमींत त्यांस मूठमाती दिली. पुढच्या वर्षीं थडग्यावर स्मारकशिला बसविली, तिच्यावर एक हार्मोनिका कोरली आहे. त्या समारंभास वृद्ध रॉय एकफ जातीनें हजर होते. बिल मन्रो यांनीं बेली यांची ‘ईव्हनिंग प्रेयर ब्लूज’ ही रचना आपल्या मँडोलिनवर घेऊन नव्या पिढीस ऐकविली. खरी पॅन अमेरिकन गाडी १९७१ सालींच बंद पडली होती. तिचा नाद ऐकावयाचा असेल त्यानें आतां बेली यांची १९२७ सालची तबकडी ऐकावी. तें ध्वनिमुद्रण सहज मिळतें. आमची विद्यार्थ्यांस सूचना आहे कीं, ऐकतांना प्रथम गाडीकडे लक्ष द्यावें आणि दुसऱ्या वेळीं हा मनुष्य श्वास कोठें घेतो तें शोधावें. आम्ही अनेकदां शोधिलें आहे.

ग्रामीण संगीताच्या थोर कलावंतांचीं नांवें जेथें लावितात त्या नॅशव्हिलच्या कीर्तिमंदिरांत बेली यांचें नांव २००५ सालीं लागलें. तेथें पूर्वीं ज्यांचीं नांवें लागलीं होतीं त्यांतील कित्येकांनीं त्यांच्या नांवावर जमलेल्या गर्दीपुढें आपलीं पहिलीं गाणीं म्हटलीं होतीं. २००७ सालीं त्याच शहरांत त्यांच्या स्मरणार्थ एक बाग करण्यांत आली. आणि २०२३ सालीं ऑप्रीच्या चालकांनीं बेली यांस दिलेल्या वागणुकीबद्दल त्यांच्या कुटुंबाची जाहीर क्षमा मागितली; त्यांच्या नातवास त्या रंगमंचावर बोलाविलें व त्यानें तेथें आपली कला सादर केली. त्या वेळीं १९४१ च्या मे महिन्यास ब्याऐंशी वर्षें होत आलीं होतीं.